आधी नळी, मग बेल्ट

लेकरा, जुनी जीप घरी आणलीस, बरं केलंस. रंग, टप, सीटा हे सगळं सावकाश होऊ दे. आधी दोन कामं उरकून घे: ऑइल प्रेशरच्या मीटरला जाणारी नळी बदल आणि फॅन बेल्ट बदल. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत आणि म्हणूनच त्यांच्याकडे कोणी बघत नाही. यातली एक जरी चालत्या गाडीत गेली आणि तुझं लक्ष नसलं, तर खर्च थेट क्रँकपर्यंत जातो. या गाडीची क्रँक आज मागायला गेलास, तर दुकानदार आधी तुझ्या तोंडाकडेच बघत राहील. आणि क्रम मोडू नको. नळी आधी, बेल्ट नंतर. का, ते पुढे सांगतो.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. मला उस्तादांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. पूर्णा हे रेल्वेचं गाव. मीटरगेजच्या काळात इथं वाफेच्या इंजिनांचं शेड होतं आणि त्या शेडात हात काळे केलेली माणसं गावातल्या मोटारी, शेतावरची ऑइल इंजिनंही बघून द्यायची. काटा काय सांगतोय ते आधी बघायचं, हातात पाना नंतर घ्यायचा, ही शिस्त त्यांच्याकडून आली. वाफेच्या इंजिनात बॉयलरचं प्रेशर दाखवणारा जो काटा असायचा, त्याच जातीचा काटा तुझ्या डॅशबोर्डवर आहे. युजीन बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं 1849 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि मूळ रचना अजून तीच चालते. मीटरच्या आत एक चपटी, कमानीसारखी वाकवलेली धातूची नळी असते, एका टोकाला बंद. आत दाब शिरला की ती सरळ व्हायला बघते, टोक सरकतं आणि त्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. वायर नाही, बॅटरी नाही. म्हणून हा काटा सहसा खोटं बोलत नाही.

पण त्याची किंमत अशी, की इंजिनातलं खरं, तापलेलं ऑइल ब्लॉकमधून निघून बारीक नळीतून थेट तुझ्या गुडघ्यांसमोर येऊन थांबतं. पुढच्या काळातल्या गाड्यांत ऑइल इंजिनातच राहतं, वर फक्त वायर येते. तुझ्या मीटरच्या पाठीमागे हात घालून आधी बघ. वायर असली तर कोणीतरी मीटर बदललेलं आहे आणि माझं अर्धं सांगणं तुला लागू नाही. नळी असली तर नीट ऐक. ती नळी फुटली की प्रेशरखालचं ऑइल बाहेर उडतं. चेंबरमध्ये ऑइल असतंच किती, चार-पाच लिटर. झिरो फाट्याजवळ नळी तडकली आणि तू पूर्णेपर्यंत गाडी तशीच रेटलीस, तर घरी इंजिन पोचणार नाही, नुसतं लोखंड पोचेल.

आता तुझ्या या गाडीचं मूळ ऐक. महिंद्राची कंपनी 1945 साली सुरू झाली आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत विलीजच्या जीप जोडायला लागली. पुढं कित्येक वर्षं तालुक्याच्या गावात सरकारी गाडी म्हणजे जीपच. तहसील, पोलीस, पाटबंधारे, पंचायत समिती, जिकडं बघावं तिकडं तीच. काळ्या मातीच्या गाडीवाटांनी पावसाळ्यात दुसरं काही चालायचंही नाही. या गाड्या लिलावात निघाल्या, शेतकऱ्यांकडे गेल्या, डिझेल इंजिनं बसवून अंगावर माणसं लादून पळाल्या. त्यातून मूळ पेट्रोल इंजिन टिकलेली गाडी तुझ्या हाताला लागली आहे. तिला जप.

आता काम. पहिल्यांदा बॅटरीची अर्थची वायर सोड. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी पोरं म्हणतात, ऑइलच्या नळीचा नि करंटचा काय संबंध? संबंध असा की मीटरच्या शेजारीच अँपिअरचं मीटर बसलेलं असतं आणि त्याच्या पाठीमागच्या दोन बोल्टांवर गाडीचा जवळजवळ सगळा करंट उघडा खेळत असतो, बहुतेक वेळा मध्ये फ्यूजसुद्धा नसतो. तू तांब्याची नळी आत सारताना तिचं टोक त्या बोल्टाला लागलं आणि दुसरी बाजू पत्र्याला टेकली, की डॅशबोर्डमागचं सगळं वायरिंग एका क्षणात धुरात जातं. अर्थ सोडली की ही भीतीच संपते. दहा नंबरचा पाना, अर्ध्या मिनिटाचं काम.

मग जुनी नळी काढण्याआधी ती कशी गेली आहे ते डोळ्यात साठव, मोबाइल आहेच तर फोटो काढ. नळी बहुतेक वेळा तिच्या टोकाशीच तडकते, नटाच्या मुळाशी. त्याचं कारण समजून घे. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, ते हलतं. बॉडी वेगळी हलते. या दोन हलणाऱ्या गोष्टींच्या मध्ये ही बारीक नळी ताणली जाते. तांबं असं सतत हलत राहिलं की कडक होत जातं आणि कडक झालं की चिरतं. म्हणून विलीजच्या कारखान्यानं इंजिनाच्या बाजूला रबरी होजचा तुकडा दिला होता आणि पुढं धातूची नळी. अनेक गाड्यांत तो होज कधीच फेकला गेलेला असतो आणि कोणीतरी ब्लॉकपासून मीटरपर्यंत एकसंध तांब्याची नळी ओढलेली असते. तुझ्या गाडीत तसं असेल तर तीच चूक पुन्हा करू नको. ट्रॅक्टर नि जेसीबीचे होज दाबून देणारी दुकानं आता नांदेडला, परभणीला आहेत. तिथं ऑइलचा बारीक होज दोन्ही बाजूंना फिटिंग दाबून करून मिळतो. पाण्याचा, पेट्रोलचा रबरी पाइप क्लिप लावून बसवू नको. गरम ऑइलनं तो फुगतो आणि मऊ पडतो.

होज नाहीच मिळाला तर इंजिनाजवळ नळीला दोन-तीन वेटोळी दे, मुठीएवढ्या गोलाईची. इंजिनाची हालचाल वेटोळ्यात विरून जाते. आणि वळवण्याआधी नळी भाजून घे. गॅसच्या आचेवर तांबं मंद लाल होईपर्यंत तापव आणि थंड होऊ दे, पाण्यात बुडवलंस तरी चालतं. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं. माझ्या उस्तादांनी पहिल्या महिन्यात मला हे शिकवलं होतं. भाजलेली नळी हातात घेतलीस की तुलाच कळेल, ती सांगशील तशी वळते.

बाजारात मीटरबरोबर पांढरी नायलॉनची नळीही मिळते. तिला गंज नाही, वळायलाही सोपी. पण मला ती बोनेटखाली मान्य नाही. आपल्याकडं मे महिन्यात नुसत्या सावलीत चाळिशीच्या वर तापमान असतं. बोनेटखाली किती असेल याचा विचार कर. ती नळी कडक होते, मग पिचते आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकली तर वितळते. तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइलची धार पडली तर नुसता धूर होऊन थांबत नाही, आग लागते. तांब्याचीच नळी टाक आणि तीही मॅनिफोल्डपासून वीतभर दूर ठेव.

आता आट्यांचं सांगतो, कारण इथं चांगले चांगले मेकॅनिक फसतात. जीप अमेरिकन आहे. तिच्या ब्लॉकमधल्या त्या भोकाचे आटे अमेरिकन पाइपचे आहेत, इंचात सत्तावीस. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते फिटिंग ब्रिटिश मापाचं, इंचात अठ्ठावीस. दोन्ही एक अष्टमांशाचीच, दिसायला जुळी. ब्रिटिश फिटिंग अमेरिकन भोकात दोन-तीन फेरे आनंदानं जातं. मग अडतं. आणि मग माणूस वाटेल तेवढा जोर लावतो. तिथं एक तर ब्लॉकचे आटे जातात, नाही तर फिटिंग घट्ट वाटतं पण गळत राहतं. तुझं फिटिंग हातानं फिरवून बघ. हातानं निम्म्याहून जास्त गेलं पाहिजे आणि पुढं पान्याला हळूहळू जड होत गेलं पाहिजे. एकदम अडलं तर थांब, माप चुकलं आहे. जुनं फिटिंग सोबत घेऊन दुकानात जा, तोंडी माप सांगू नको. कोणाची अँबेसेडर असेल तर तिचं उलटं आहे. तिचं घराणं मॉरिसचं, तिला ब्रिटिश आटेच लागतात.

टेफ्लॉन टेप लावायचीच तर फक्त ब्लॉकमध्ये जाणाऱ्या निमुळत्या आट्यांना लाव आणि टोकाचे पहिले दोन आटे मोकळे सोड. जिथं नळीचं टोक फुलवून नटानं दाबलेलं असतं किंवा पितळेची रिंग नळीवर आवळलेली असते, तिथं टेपचं काही काम नाही. तिथं धातूवर धातू बसूनच गळती थांबते. टेपचा तुकडा सुटून मीटरच्या तोंडाशी गेला तर काटा मेल्यासारखा होतो. त्या तोंडाशी सुईएवढं बारीक भोक असतं, काटा थरथरू नये म्हणून मुद्दाम ठेवलेलं. ते घाण समजून ड्रिलनं मोठं करणारा माणूस मी पाहिला आहे. ते भोक आहे म्हणून मीटर टिकतं. फक्त हवेनं फुंकून साफ कर.

पितळेची रिंग जुनी वापरू नको. ती एकदा नळीवर आवळली की तिचा आकार ठरला. नळी हॅक्सॉनं कापू नको, भुसा आत राहतो. नळी कापायचं छोटं कटर मिळतं, ते घे. कापल्यावर आतली कड कानसून साफ कर आणि पायपंपानं आरपार हवा मार. घट्ट करताना नेहमी दोन पाने लाव: एकानं खालचं फिटिंग धर, दुसऱ्यानं नट फिरव. एकाच पान्यानं फिरवलंस तर नळी पिळली जाते आणि पिळलेली नळी पुढच्या हंगामात तुला पुन्हा भेटते. इंजिन आणि पायांच्या मधल्या पत्र्यातून नळी जिथं आत येते, तिथं रबरी ग्रोमेट हवंच. ते नसेल तर पत्र्याची कड नळीला करवतीसारखी कापत बसते.

मीटरकडचा नट थोडा ढिला ठेव, खाली चिंधी धर आणि कोणाला तरी इंजिन चालू करायला सांग. आधी हवा येईल, मग फेसाळलेलं ऑइल, मग स्वच्छ ऑइल. स्वच्छ आलं की नट आवळ. एवढं करायला अर्थात अर्थची वायर परत जोडावी लागते, ती जोडण्याआधी नळी अँपिअर मीटरच्या बोल्टांपासून लांब बांधली आहे ना, ते हातानं चाचपून बघ.

मग काट्याकडे बघत बस. थंड इंजिनावर तो वर चढेल, त्यात काही विशेष नाही. गाडी चांगली तापव, ताडकळसकडे एक चक्कर मारून ये आणि मग बघ. जीपच्या जुन्या पुस्तकात दिलेला हिशोब लक्षात ठेव: तापलेल्या इंजिनाला मंद चालीवर निदान दहा पौंड आणि ताशी पस्तीस मैलांच्या वेगाला पस्तीस पौंड. हे आकडे पाठ करायला सोपे आहेत. जानेवारीत आणि मे महिन्यात काटा एकाच जागी येणार नाही, ऑइल उन्हाळ्यात पातळ होतं. त्यानं घाबरू नको. पण एका आठवड्यात पाच पौंड उतरला, तर कारण शोध.

आणि काटा शून्यावर पडला तर? आधी इंजिन बंद. गाडी बाजूला घेऊन मग बंद करू, असं नाही. किल्ली फिरव आणि वाहत वाहत बाजूला ये. मग काडी काढून ऑइल बघ, खाली वाकून गळती बघ. ऑइल जागेवर आहे आणि इंजिनात ठोका नाही, तर बऱ्याचदा मीटर किंवा नळी दोषी असते. कोणी लगेच म्हणालं, बेअरिंग गेली, इंजिन उतरवू, तर त्याला सांग, आधी दुसरं चांगलं मीटर लावून दाखव. दुसऱ्या मीटरनंही तेच सांगितलं तरच इंजिनाला हात लागू दे. या एका नियमानं मी कित्येक चांगली इंजिनं उघडण्यापासून वाचलेली पाहिली आहेत.

रस्त्यात नळीच तुटली तर उपाय सोपा आहे. तांब्याची नळी ब्लॉकच्या बाजूनं, तुटलेल्या जागेच्या अलीकडे, पकडीनं चपटी कर, दोनदा दुमड आणि दगडावर ठोक. ऑइल थांबतं. त्याहून चांगलं म्हणजे ब्लॉकच्या त्या भोकाच्या मापाचा पितळी प्लग हत्यारांच्या पेटीत कायम ठेव. फिटिंग काढायचं, प्लग बसवायचा, ऑइल भरायचं आणि हळू घरी यायचं. मीटरशिवाय, पण इंजिनासह.

आता क्रमाचं कारण. जुनी नळी गळत असते ती थेंबाथेंबानं. पंख्याचा वारा ते ऑइल सगळ्या इंजिनावर पसरवतो आणि ते बेल्टपर्यंत पोचतं. ऑइल लागलेलं रबर फुगतं, मऊ होतं, घसरतं. तू आधी नवा बेल्ट टाकलास आणि नळी गळतच राहिली, तर नवा बेल्ट वर्षही काढत नाही. म्हणून आधी नळी, मग रॉकेल-डिझेलनं नव्हे तर साबणाच्या गरम पाण्यानं इंजिन आणि तिन्ही पुल्या धुऊन कोरड्या करायच्या, मग बेल्ट.

जुना बेल्ट काढायला आधी डायनॅमोच्या वरच्या पट्टीचा बोल्ट ढिला कर, मग खालचे दोन. डायनॅमो इंजिनाकडे ढकल, बेल्ट आपोआप सैल पडतो. पेचकस घालून पुलीवरून उचकटून काढायचा नाही. पुलीची कड वाकली की ती प्रत्येक नवा बेल्ट खाणार. बेल्ट हातात आला की उलटा वळवून बघ. आतल्या बाजूला आडव्या चिरा, कडांना काचेसारखी चकाकी, कुठं दोरे सुटलेले, हे सगळं तिथं दिसतं. बेल्टची पकड असते ती दोन तिरप्या बाजूंची. तो खोबणीच्या तळाला टेकत असेल तर तो संपलेला आहे, दिसायला कितीही धड असो.

बेल्ट निघालेला असतो तेवढाच वेळ तुला आणखी एक गोष्ट बघता येते. वॉटर पंपाचा पंखा हातात धरून पुढे-मागे, खाली-वर हलव. खटखट लागली तर पंपाची बेअरिंग जात आली. डायनॅमो हातानं फिरव, तो गुळगुळीत फिरला पाहिजे, खरखर आली तर बेअरिंगला ग्रीस मागतो आहे किंवा बदल मागतो आहे. बेल्ट चढल्यावर हे आवाज एकमेकांत मिसळतात आणि कळत नाही.

बेल्टचं माप दोरीनं घे, तिन्ही पुल्यांभोवती फिरवून. पिठाच्या गिरणीचा नि मोटारीचा बेल्ट रुंदीला, उताराला सारखा नसतो. गिरणीचा ताणून बसवलास तर चार दिवस चालेल, पण पुलीशी बाजू जुळत नसल्यानं घसरून तापेल. बेल्टवरची तारीख बघून घे. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला बेल्ट नवा असूनही म्हातारा असतो.

ताण देताना बैलाच्या गळ्यातलं जोतं आठव. सैल असलं तर जू निसटतं, आवळलं तर बैलाची मान सोलते. पुल्यांच्या मधल्या लांब अंतरात अंगठ्यानं दाबून बघ. जीपच्या पुस्तकात इंचभर दबावा असं सांगितलं आहे, अँबेसेडरला अर्धा इंच पुरे. सैल बेल्ट चिरक्या आवाजात किंचाळतो, चार्जिंग पडतं, गाडी तापते. तो निदान ओरडून सांगतो. आवळलेला बेल्ट गप्प असतो आणि आतून पंपाची, डायनॅमोची बेअरिंग खात राहतो. म्हणून मला सैलपेक्षा आवळलेल्या बेल्टची जास्त भीती वाटते. नवा बेल्ट पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये थोडा ताणला जातो, तेव्हा पुन्हा अंगठा लावून बघ आणि पट्टीचा बोल्ट पुन्हा आवळ. किंचाळतो म्हणून त्यावर पावडर, राळ असलं काही टाकू नको. आवाजाचं कारण शोध: ताण, ऑइल किंवा वाकडी पुली.

दोरी बांधून गाडी घरी आणल्याच्या गोष्टी तुला गावात खूप ऐकायला मिळतील. त्या ऐक आणि सीटखाली सुटा बेल्ट ठेव. काढलेला जुना बेल्ट अजून धड असेल तर तोच पुसून, गुंडाळून, उन्हापासून लांब ठेवलास तरी चालेल.

नांदेडला जाशील तेव्हा ब्लॉकमधलं जुनं फिटिंग खिशात घालून जा. होज त्याच मापाचा करून आण, पितळी प्लग आण आणि बेल्ट एक नको, दोन आण.